फडकी माझ्याकडे होती

शाहूपुरीतल्या त्या काळ्या गाडीवर ओरखडे पडले ते माझ्या फडक्यांमुळे. जावयाच्या मशीनमुळे नाहीत आणि त्याच्या हातामुळे तर नाहीतच. गेली सहा वर्षं मी याच्या उलट सांगत आलो. बारशाला सांगितलं, वास्तुशांतीला सांगितलं, पंगतीत शेजारी बसलेल्याला सांगितलं. आणि नुसतं सांगितलं नाही, रंगवून सांगितलं. ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं त्यांनी आता हेही वाचावं.

जावई कोडोलीचा. गाड्यांच्या एका शोरूममध्ये पॉलिशच्या कामावर होता. शोरूमने ते काम ठेकेदाराला दिलं आणि याला नुसत्या गाड्या पुसायला ठेवलं, तेव्हा त्याने नोकरी सोडली. गिऱ्हाइकाच्या दारात जायचं, गाडी धुवायची, आतून साफ करायची, पॉलिश करून द्यायची, असा त्याचा बेत होता. हाताशी पैसा कमी म्हणून तो आणि माझी मुलगी आमच्या वरच्या खोलीत राहायला आले. गल्लीत त्याला मागून ‘घरजावई’ म्हणत. मला ते ऐकू येत होतं. मी कुणाला गप्प केलं नाही.

सामानाची यादी आम्ही एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर केली. जुनी व्हॅन घेतली, तिची मागची सीट काढून टाकली. पाण्यासाठी निळा प्लास्टिकचा ड्रम आणला. त्याचा वास जाईपर्यंत मुलीने तो चार वेळा धुतला. प्रेशर पंप नवा घ्यावाच लागला. व्हॅक्यूम दुसऱ्याने वापरलेला मिळाला. एसीच्या जाळ्या झाडायला दाढीचे ब्रश, चाकाच्या फटींना बाटल्या धुवायचा ब्रश, सीटवर साबण मारायला बागेतला फवारणीचा हातपंप. वीज गिऱ्हाइकाची, वायर आमची.

अडलं ते पॉलिशच्या मशीनवर.

“हातानं होतंय की, पावणं. मशीन कशाला?” मी म्हणालो.

“हातानं एका गाडीला दोन दिवस जातील, मामा. आन् दाब सारखा बसत न्हाय.”

“चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर लोखंड कातत काढली मी. हाताचं मला नका सांगू.”

सासऱ्याला उलट बोलायचं नाही आणि जावयाला अरेतुरे करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दोघांनी मान राखला की भांडण होत नाही, पण ते संपतही नाही. आठवड्याने तो सांगलीला गेला आणि एका बंद पडलेल्या दुकानातून जुनं मशीन घेऊन आला. मला न विचारता.

मी त्याचा वचपा फडक्यांवर काढला. त्याला मऊ धाग्याची तीस फडकी हवी होती. मी तो आकडा बारावर आणला. फडक्यात कुणी पैसा घालतं व्हय, असं मी मुलीसमोर हसून म्हणालो.

मी घरी रिकामाच होतो. मला रोज व्हॅनमधून न्यायचं, पण सासऱ्याच्या हाताने गाडी धुवून घ्यायची नाही, म्हणून त्याने मला बसून करायचं काम दिलं. “मामा, तुम्ही तेवढी फडकी बघा.” पिवळी रंगासाठी, निळी काचेसाठी, करडी चाकांसाठी. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावायचं नाही. पिवळी वेगळ्या बादलीत धुवायची. हे त्याने एकदाच सांगितलं. पुन्हा कधी तपासलं नाही, कारण मामांच्या कामात डोकं घालणं बरं दिसलं नसतं.

बारा फडकी पुरत नव्हती, हे आठवड्यातच कळलं. ते कबूल करायचं नव्हतं म्हणून मी माझ्या जुन्या कारखान्यात गेलो आणि बनियनच्या चिंध्यांचं एक पोतं घेऊन आलो. कारखान्यात हात आणि मशीन पुसायला त्याच वापरतात. पोतं ग्राइंडरच्या शेजारी उघडं ठेवलेलं होतं. चिंध्या मऊ होत्या, पांढऱ्या होत्या.

“ह्या रंगाला लावू नका, मामा,” जावई म्हणाला. मी लावल्या नाहीत. चाकांना वापरल्या आणि संध्याकाळी पिवळ्या फडक्यांबरोबर एकाच टबात भिजत घातल्या. दोन बादल्यांचं पाणी कशाला घालवायचं? पाण्यातून निघालं की सगळं सारखंच स्वच्छ, असं माझं मत. महिनाभर काही झालं नाही. आमची गिऱ्हाइकं बहुतेक पांढऱ्या गाड्यांची होती, आणि पांढऱ्या रंगावर बारीक ओरखडा दिसत नाही. हे मला नंतर कळलं.

काळी गाडी शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याची. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न होतं, नवरी त्याच गाडीतून हॉलवर जाणार होती. गाडी मनासारखी झाली तर त्याच्या आणि भावांच्या सगळ्या गाड्या दर महिन्याला आमच्याकडे येणार होत्या. असं कायमचं काम मिळालं की वेगळी खोली घ्यायची, असं जावई आणि मुलगी ठरवून बसले होते.

पोर्चमध्ये सकाळी आठला काम सुरू झालं. जावई बॉनेटवर मशीन फिरवत होता आणि मी पायरीवर बसून बघत होतो. त्याचा हात चांगला होता, हे मला त्याच दिवशी दिसलं. लेथवर हत्यार लावताना चांगला कारागीर श्वास धरतो, तसा तो कडेला आला की श्वास धरायचा. एक भाग झाला की हात मागे करायचा, मी चार घड्या घातलेलं पिवळं फडकं त्याच्या हातावर ठेवायचो, तो पॉलिशचं मलम पुसून घ्यायचा. दुपारपर्यंत गाडीत पोर्चचं छत, झुंबर आणि आमची तोंडं दिसू लागली.

व्यापारी खूश होता. “बाहेर काढा बघू उन्हात,” म्हणाला.

गाडी उन्हात आली आणि बॉनेटभर बारीक रेघा उठल्या. गोल गोल, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. दारांवरही तेच.

व्यापारी दोनदा गाडीभोवती फिरला. “पावणं, हे काय करून ठेवलंयसा?”

जावई वाकून बघत राहिला. मग मशीन उलटं करून त्याचं पॅड चाचपलं, बोटांनी खरडलं, पुन्हा चाचपलं. त्याच वेळी माझ्या हातात शेवटचं पिवळं फडकं होतं, आणि अंगठ्याला काहीतरी टोचलं. ते टोचणं मला डोळे मिटूनही ओळखता येतं. चाळीस वर्षं ते माझ्या बोटांत होतं. मी फडकं उन्हाकडे धरलं. धाग्यात लोखंडाचा चुरा चमकत होता.

“सकाळी न्हवतं हे,” व्यापारी म्हणाला. “उद्या पोरगी ह्यात बसवू व्हय मी?” मग तो माझ्याकडे वळला. “आजोबा, तुम्ही वयानं मोठं हायसा. तुम्हीच सांगा, कशानं झालं?”

एक शब्द पुरला असता. फडक्यानं. जावई माझ्याकडे बघत होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

“मशीन जुनं घेतलंय,” मी म्हणालो. “मी नको नकोच म्हणत हुतो.”

जावयाने मान खाली घातली. “व्हय, मामा,” म्हणाला.

मी फडकं घडी करून खिशात घातलं.

नवरी चुलत्याच्या गाडीतून हॉलवर गेली. जावयाने ती काळी गाडी पुढे तीन दिवस फुकट हाताने घासली, तरी काम गेलं ते गेलंच, आणि बोलणं बाजारभर झालं. त्याने मशीन मिळेल त्या भावात विकलं. वर्षभर नुसत्या गाड्या धुतल्या, मग व्हॅनही विकली आणि दोघं गडहिंग्लजला गेली. तिथे एका वॉशिंग सेंटरवर तो पगारावर पाणी मारतो. मी मात्र कुठेही गेलो की सुरू व्हायचो: “आमच्या पावण्यांनी एकदा नवरीच्या गाडीला कोळ्याचं जाळं काढलं.” लोक हसायचे. एकदा तो पंगतीत समोर होता. तोही हसला.

हे मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं. पण गेल्या महिन्यात दोघं इकडे आली तेव्हा मुलगी म्हणाली, सेंटरचा मालक पॉलिशचं काम सुरू करतोय. मशीन नवं, सगळं सामान नवं. यांनीच सांभाळावं म्हणतोय. सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर बेळगावचा माणूस आणणार.

“मग?” मी विचारलं.

“मी न्हाय म्हणणार हाय, मामा,” जावई म्हणाला. “हात जड हाय माझा. पुन्यांदा कुणाच्या गाडीचं नुकसान नको.”

मी आत गेलो. ट्रंकेच्या तळाशी ते पिवळं फडकं होतं. का ठेवलं होतं, सांगता येणार नाही. टाकायला धीर झाला नाही एवढं खरं. कारखान्यातलं एक चुंबकही होतं. दोन्ही आणून त्याच्यासमोर ठेवली आणि फडक्यावरून चुंबक फिरवलं. चुंबकाला काळे केस उगवल्यासारखा चुरा उभा राहिला.

“हे त्या गाडीचं फडकं,” मी म्हणालो. “चिंध्यांबरोबर धुतलेलं. मला तिथंच कळलं हुतं.”

मुलीने तोंडावर पदर धरला. जावयाने चुंबकावरचा चुरा बोटाने चाचपला. मग फडकं उचलून बाहेर गेला. मीही मागे गेलो. दारात उभ्या असलेल्या माझ्या काळ्या स्कूटरच्या पत्र्यावर त्याने फडकं हलकेच फिरवलं, बाजूला होऊन उन्हाचा कोन बघितला, पुन्हा फिरवलं. रेघा उठल्या. बारीक, गोल. त्याच.

“तवाच का न्हाय बोललासा?”

“तुम्ही मला न विचारता मशीन आणलंसा, त्याचा राग हुता,” मी म्हणालो. याहून मोठं कारण मला सहा वर्षांत सापडलेलं नाही.

“सहा वर्षं मी ह्या हाताकडं बघतोय, मामा.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. त्याने फडकं स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि मुलीला म्हणाला, “चल.”

चहा टाकलेला होता. सासरवाडीतून तो कधी चहा न घेता गेलेला नाही. त्या दिवशी गेला.

सोमवारी मुलीचा फोन आला. त्यांनी काम घेतलं. मालकाला एकच अट घातली: फडकी दुसऱ्या कुणी धुवायची नाहीत.

“माझ्याविषयी काय म्हणाले?” मी विचारलं.

“काय न्हाय, आबा,” ती म्हणाली. “तुमचं नाव काढलं की उठून जात्यात.”

पुढच्या महिन्यात पुतण्याच्या घरी बारसं आहे. सगळे पाहुणे असतील, तोही येईल. ती गोष्ट मी तिथे पुन्हा सांगणार आहे, या वेळी चिंध्यांच्या पोत्यापासून. तो बसून ऐकेल की उठून जाईल, ते त्याच्यावर.