मसुराएवढा डाग

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे झाले असतील, तर ते सासऱ्यांच्या रायफलीचे. माझ्या नवऱ्याचा नंबर तिच्यानंतर. आणि माझा, म्हणजे मी नव्यानं आले तेव्हाचा, दारातल्या पायपुसण्याच्या जरासा अलीकडे.

सासरे मूळचे रायगडातले. तिथं थोडी भातशेती, आंब्याची पंधरा-वीस कलमं आणि त्या कलमांवर टपलेली वानरं. राखणीसाठी म्हणून चाळिशीत त्यांनी परवाना काढला आणि ही बावीस बोअरची रायफल घेतली. बावीस बोअर म्हणजे अगदी लहान गोळी, वाटाण्यापेक्षाही बारीक. तिनं किती वानरं मारलीत असं विचारलं, की बाबा दुखावल्यासारखे बघायचे. "मारायची कशाला? आवाजानं पळतात ती." मग थाळी बडवली असती तरी चाललं असतं, हे मी मनातल्या मनात म्हणायचे. नवरा तोंडावर म्हणायचा.

सासूबाई गेल्या, तेव्हा बाबा शेत वाट्यानं देऊन आमच्याकडे इंद्रलोक वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बरोबर एक ट्रंक, आणि खांद्याला ती. परवान्यावरचा पत्ता बदलायला त्यांनी इतक्या खेपा घातल्या, की कचेरीतला शिपाई त्यांना चहा विचारायला लागला. इथं राखण कशाची करायची होती देव जाणे! गॅलरीतल्या तुळशीवर कबुतरं बसायची, तेवढीच. शेजारच्या गुजराती भाभींनी एकदा हळूच विचारलं, "अंकल के पास सच में बंदूक है क्या?" मी म्हटलं, "है भाभी, पर चलती कम है, नहाती ज्यादा है."

खोटं नाही सांगत. दर रविवारी सकाळी नऊला पलंगावर वर्तमानपत्र पसरायचं, पंखा बंद करायचा, कारण पंख्यानं धूळ उडते. मग मशीनच्या तेलाची बाटली, जुन्या मलमलच्या धोतराच्या चिंध्या, आणि नळी साफ करायचा लांब गज. गज नेहमी मागच्या बाजूनं घालायचा, तोंडाकडून कधीच नाही. "ही गोळ्यांनी झिजत नाही," बाबा म्हणायचे, "अडाण्याच्या हातानं झिजते." पुसून झाल्यावर लोखंडाला बोट लावायचं नाही, कारण घामात मीठ असतं. कपाटात उभी करताना नळीचं तोंड खाली, नाहीतर तेल ओघळून मागच्या लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड कुजतं. दीड तास हे सगळं चालायचं, आणि तोवर आम्ही घामानं निथळत पोहे खायचो.

पण एक कबूल केलं पाहिजे. आमची हवा खारी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. माझी कात्री गंजली, खिडकीच्या जाळ्या गंजल्या, सिलिंडरनं फरशीवर तांबडं कडं उमटवलं ते आजतागायत निघालं नाही. त्या घरात गंज चढला नाही अशी लोखंडाची एकच वस्तू होती. तीस वर्षांची, निळसर काळी, आरशासारखी.

आणि बाबांना नेमकी तिचीच काळजी लागली होती. सत्तरी उलटून गेलेली, हात कापायला लागलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. पुढच्या नूतनीकरणाला परवाना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करायचा त्यांचा विचार होता. नवरा म्हणाला, "बाबा, जमा करून टाका पोलिसांत. मला नको ही कटकट." एकदा त्यांनी त्याच्याकडून साफ करून घेऊन पाहिली, तर या पठ्ठ्यानं तिला गोडंतेल लावलं. बाबांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "जमा केली की तिथं खितपत पडणार," एवढंच म्हणाले. माझं नाव कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्यासुद्धा.

अशात लोकसभेची निवडणूक आली. निवडणूक आली, की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत. बाबांची एका डोळ्याची शस्त्रक्रिया आठवड्यापूर्वीच झाली होती. काळा चष्मा लावून ते निघाले. नवरा रिक्षा आणायला खाली गेला. चपला शोधता शोधता बाबा म्हणाले, "सूनबाई, इथं आल्यापासून पहिल्यांदाच एवढे दिवस बाहेर चाललीय. हळदकुंकू लाव हं तिला."

मी म्हटलं, लावू या की! रीतसर पाठवू. बाबांच्या तळहातावर दही घातलं. रायफलीच्या खोळीची चेन उघडली, आणि तेच दह्यानं ओलं बोट कुंकवात बुडवून नळीवर छानसा टिळा लावला. अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या. चेन लावली, नमस्कार केला. बाबा काळ्या चष्म्यातून कौतुकानं हसले. मलाही वाटलं, वा, काय गुणाची सून आहे मी!

ठाण्यात एक म्हातारे हवालदार होते, मिशीला मेंदी लावलेले, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. "आजोबा, लेकीसारखी सांभाळतो," म्हणाले. बाबा घरी येऊन दोन महिने जेवताना, झोपताना तिचीच चौकशी करत होते, जणू आम्हाला तिच्याकडून फोन येत होता.

निकाल लागला, रायफल घरी आली. एव्हाना बाबांना एका डोळ्यानं चांगलं दिसायला लागलं होतं. त्यांनी चेन उघडली आणि खालीच बसले. नळीवर, मधोमध, तांबूस खरबरीत डाग. गोल. मसुराच्या दाण्याएवढा. तेल लावून चोळल्यावर तांबूसपणा गेला, पण खाली काळा खड्डा राहिला तो राहिलाच.

बाबांचा चेहरा पाहवेना. मग तो लाल झाला. "कागद घे," म्हणाले. "लिही. माननीय वरिष्ठ निरीक्षक साहेब यांस." हात कापतात म्हणून त्यांची पत्रं मीच लिहायचे. मी लिहायला लागले. "सदर शस्त्र माझ्या ताब्यात असताना तीस वर्षे निष्कलंक होते." लिहिलं. "सदर हवालदाराने अक्षम्य हयगय केली असून..." इथं माझी नजर त्या डागावर गेली, आणि मग माझ्या बोटावर. बाई गं! तोच आकार, तीच जागा. बाबा पुढे सांगतच होते, "...त्याच्यावर कडक कारवाई व्हावी, ही नम्र विनंती."

एक मन म्हणत होतं, गप्प बस, कुणाला कळतंय. पण ती मेंदीची मिशी डोळ्यासमोरून हलेना. सहा महिने राहिले होते बिचाऱ्याचे. मी पेन खाली ठेवलं.

"बाबा, हवालदारांनी काही नाही केलं. तो डाग माझा आहे." आणि सगळं सांगून टाकलं, दह्यासकट.

बाबांनी रायफल जवळ ओढली. "नळीला लावलंस? लोखंडाला?"

"तुम्हीच म्हणालात ना लाव म्हणून! दसऱ्याला तुम्ही लावताच की!"

"दस्त्याला लावतो मी! लाकडाला! तीस वर्षं लाकडाला लावतोय!"

"मग ते सांगितलंत का कधी?"

"कुणी विचारलं का कधी?"

अर्ज मी फाडला. बाबांनी पाच दिवस अबोला धरला. चहा घ्यायचे, पण कपाकडे बघून. मी दोनदा रडले, एकदा खरंच आणि एकदा कांदा चिरताना.

रविवार आला. नऊ वाजता वर्तमानपत्र पसरलं गेलं, पंखा बंद झाला. मी पोहे घेऊन गेले, तर बाबा पलंगावर नव्हते, खुर्चीत बसले होते. पलंगावर रायफल, तेल, चिंध्या, गज, सगळं मांडलेलं.

"बस," म्हणाले. "तुझ्या पापाला तूच तेल लाव."

मी बसले. चिंधीला तेल लावलं. "डाग जाईल का हो?"

"जात नाही. वाढू द्यायचा नाही, तेवढंच आपल्या हातात." मग म्हणाले, "पावसाळा काढायचा आहे. दसऱ्याला बघू. एवढाच राहिला तर परवाना तुझ्या नावावर करतो. वाढला तर जमा."

तोवर ती रायफल मला हवी होती का? मुळीच नाही. पण त्या दिवसापासून अशी हवीशी झाली म्हणून सांगू! रायफल म्हणून नव्हे, बाबांनी विश्वासानं माझ्या हाती द्यावी म्हणून. मी स्वयंपाकघरातून एक मसूर आणून डागाशेजारी ठेवला. बरोब्बर तेवढाच. तो दाणा कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवला, मापाला.

मग काय, चार महिने मी जळी-स्थळी गंजच बघितला. भिंतींना ओल आली, पापड सादळले, आगपेटीतल्या काड्या पेटेनात. मी रविवारी पुसायचे, बुधवारी पुसायचे. खोळ काढून टाकली, कारण ती दमट राहते हे बाबांनी आता सांगितलं. आता मी विचारत होते ना! नवरा म्हणाला, "माझ्या पाठीला कधी एवढं तेल लावलं नाहीस." मी म्हटलं, "तुझ्या पाठीचं नूतनीकरण नाही दर तीन वर्षांनी."

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी अंघोळ करून रायफल मांडीवर घेतली. पावसाळ्यात त्यांच्या चांगल्या डोळ्यालाही धूसर दिसायला लागलं होतं. "डबी आण," म्हणाले. "ठेव दाणा आणि सांग."

मी दाणा ठेवला. वाकून बघितलं. माझा चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एका कडेला केसभर काळं दाण्याबाहेर दिसत होतं. एवढं करून!

"बाबा," मी म्हटलं, "वाढलाय. थोडासाच, पण वाढलाय."

बाबांनी दाणा बाजूला सारला आणि त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. उघड्या बोटानं लोखंडाला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. तीस वर्षं त्या नळीचा कण न् कण जाणणारा अंगठा तो, त्याला कळलं नसेल असं शक्यच नव्हतं.

"छे," ते म्हणाले. "तुझा मसूर वाळलाय. चार महिने डबीत पडलाय, आकसणारच. दुसरा आण."

मी स्वयंपाकघरात गेले. मसुराचा डबा ताटात ओतला आणि डोळे पुसत पुसत त्यातला सगळ्यात मोठा दाणा शोधायला बसले.