नळीतले आटे

निवडणूक आली की आमच्याकडच्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, निकाल लागला की परत मिळतात. मागच्या खेपेला निकाल लागून गुलाल धुतला गेला, तरी थोरला पोरगा मला बंदूक आणू देईना.

"अण्णा, तिथंच राहू द्या. परवानाच रद्द करू. डुकरासाठी मी भोंगा आणलाय की, रातभर कुत्रं भुकतंय त्याच्यात."

"डुकरं ओळखायलीत आता त्या कुत्र्याला," मी म्हणलो. "काल भोंग्याच्या बुडाशीच भुईमूग उकरलाय."

"आन् तुमच्या बंदुकीनं कवा एक तरी लागलं का?"

इथं मी तंबाखू काढली. लागलं नव्हतं हे खरंच. आज्यापासूनची ठासणीची बंदूक, पीक राखायच्या परवान्यावर माझ्या नावची. तोंडातून दारू घालायची, गजानं ठासायची, वर मूठभर छर्रे. आवाज असा की राणीसावरगावच्या डोंगरानं उलट बोलावं. पण छर्रे डुकराच्या चारी अंगाला माती उडवायचे आणि मधलं डुक्कर जसंच्या तसं. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ शेजारीच शेत करतो. तो चारचौघांत म्हणायचा, "दाजी, तुमची बंदूक डुकराला ओवाळती. मारत न्हाई."

शेवटी थोरल्याशी बोली झाली. आमच्या बुजगावण्याचं डोकं म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा. त्याला एका बारात भोक पाडून दाखवायचं. न्हाई पडलं तर बंदूक त्याच दिवशी ठाण्यात, कायमची. मी हो म्हणलो. मागं सरणं आपल्याला जमत न्हाई.

ठाण्यातून आणली तर नळीत गंज. ओसरीवर बसून गजाला फडकं घट्ट गुंडाळलं, तेलात बुडवलं आणि आत दाबलं. तर गज माझ्या मुठीत वळायला लागला.

बायको समोर शेंगा फोडत होती. "गरागरा काय फिरवायलाव? सरळ घाला की."

"मी कुठं फिरवायलोय? त्योच फिरायलाय."

"वय झालं. हात वळायलाय तुमचा."

मी गज तिच्या हातात दिला. तिनं दाबला, तिच्याही मुठीत वळला. मग ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. ती हरली की अशीच कामाला लागते.

नळीचं तोंड उन्हाकडं केलं. आत रेघा होत्या. त्या मी जन्मभर पाहत आलो. गजाचे ओरखडे म्हणून आमच्या घरात कोणी त्यांना विचारलं नव्हतं. पण ओरखडा कसाही पडतो. ह्या तर सारख्या अंतरानं, वळण घेत खाली गेलेल्या. नटात असतात तसे आटे, फक्त लांब वळणाचे. कोणीतरी बसून कापलेले.

मी दुसरीत शाळा सोडली, पण भोवरा लय फिरवला. भोवरा फिरतोय तवर ताठ, थांबला की आडवा. गोळी ह्या आट्यांतून फिरत निघाली तर हवेत डुलणार न्हाई, नाकासमोर जाईल. आणि छर्रे? मूठभर छर्रे गरकन फिरवून फेकले तर ते चौफेर पांगणार, मध्ये मोकळं. म्हणजे बंदूक तिचं काम बरोबर करत होती. खायला चुकीचं मिळत होतं तिला.

आज्याच्या वेळचा गोळीचा साचा घरातच निघाला. सांडशी समजून आईनं तो चुलीपाशी ठेवलेला. गोदावरीवर मासे धरणाऱ्याकडून जाळ्याचं शिसं आणलं, गोळ्या पाडल्या. तर गोळी नळीत खुळखुळायली. खुळखुळणारी गोळी आट्याला धरणार कशी? गजाला फडकं होतं म्हणून तो वळला, मग गोळीलाही फडकं पाहिजे. जुनं धोतर लावलं, ते फाटलं. गोधडीचा तुकडा आत जाईना. शेवटी मांजरपाटाची बंडी अंगातून काढली आणि कातर लावली.

"नवी बंडी!" बायको ओरडली. "बंदुकीला अंगडं शिवायलाव का? टोपडं बी शिवा."

सकाळी सगळे बांधावर. मेव्हणा जाऊन बुजगावण्याच्या पायाशीच बसला.

"सरक तिथून," मी म्हणलो.

"राहू द्या दाजी, इथंच सगळ्यात बिनधोक हाय."

थोरल्यानं त्याला दंडाला धरून मागं आणला. मी तेल लावलेल्या फडक्यात गोळी घेतली, गजानं सावकाश उतरवली, नेम धरला आणि बार काढला. धूर हलला तर डबा जागच्या जागी.

"ओवाळलं!" मेव्हण्यानं टाळी वाजवली. थोरल्यानं बंदूक घ्यायला हात पुढं केला.

"आधी बघून ये," मी म्हणलो. बंदूक सोडली न्हाई.

मेव्हणा हसत गेला. डबा उचलून उन्हात धरला आणि त्याचं हसू थांबलं. पुढून एक भोक, मागून एक भोक, आरपार. त्यानं त्यात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

थोरला जेवताना म्हणाला, "अण्णा, परवाना रद्द नको. माझ्या नावावर करू. तुमाला आता नीट दिसत न्हाई."

"डब्याला इचार," मी म्हणलो आणि आमटीत भाकर कुस्करली.