गुरुवारी कडेगावला जाऊ नये

वाईच्या शाळेत शांता आणि मी शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवतो. मधल्या सुट्टीत डबा एकत्र खातो, पण तिच्या माहेरी, कडेगावला, मी कधी गेले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत तिनं विचारलं, "याल का, बाई?" मी लगेच हो म्हटलं. लगेच म्हटलं याचं मला थोडं कौतुकही वाटलं; ते वाटायला नको होतं.

जाणाऱ्यांनी सकाळची पहिली एसटी धरावी. साताऱ्यापर्यंत बसायला मिळतं, पुढं भरवसा नाही. कऱ्हाडला गाडी बदलायची. स्टँडवरचा चहा गरम असतो, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. पुढच्या रस्त्यावर इतकी धूळ की उतरल्यावर शांता म्हणाली, "बाई, एका दिवसात पिकलात."

बौद्धवस्ती गावाच्या कडेला. शांताच्या आईनं दारात जय भीम केला आणि आत जाऊन भाकरीचं पीठ काढलं.

"मावशी, माझा आज उपास आहे हो. गुरुवार."

पीठ डब्यात परत गेलं. शांता खाली बघू लागली.

"असतोयच," मावशी म्हणाल्या. "आमच्यात शेरातलं मानूस आलं की त्येचा उपास. लय देवभोळी मानसं. मागं एक गुरुजी आलं, त्येंचाबी उपास. म्या म्हटलं, शेंगा-गूळ खावा, उपासाला चालतंय. तर त्येंचं पोट दुखाय लागलं."

"आये, बाईंचा खरंच असतो. मी बघते की शाळेत."

"व्हय गं. गुरुजींचं पोटबी खरंच दुखत आसंल."

गुरुवार आहे हे मला ठाऊक होतं. या घरात त्याचा काय अर्थ होईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. उपास मोडावा, तर तो कुणासाठी? त्यांच्यासाठी, की माझ्या चांगुलपणासाठी? उपास का धरला तेच सांगत बसले. मुलाला टायफॉइड झाला तेव्हा नवस बोलले होते. तो आता पुण्यात नोकरीला आहे, गुरुवारीसुद्धा आम्लेट खातो. उपासात अडकले ती मी.

मावशी हसल्या. "माझा शनवार असायचा. शांतीच्या बापाची दारू सुटावी म्हून."

"सुटली?"

"न्हाई. धर्म बदलला तवा माझा शनवार तेवढा सुटला. पयल्या शनवारी दोन भाकरी खाल्ल्या आन् बसले वाट बघत, आता काय हुतंय. काय बी झालं न्हाई. झोप झ्याक लागली."

मग शेंगा-गुळाचं ताट आलं, तांब्याभर पाणी आलं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. मी पाणी प्यायले. शेंगा खाल्ल्या, मूठभर, आणखी मूठभर, आणखी.

मावशींनी ताट ओढून घेतलं. "बास. दावाय खाऊ नगंस. खरंच पोट दुखंल."

शुक्रवारी ठेचा-भाकरी खाऊन निघाले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. गुरुजींच्या पोटदुखीला त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आता शांताला इकडं बोलावशील. जेवायला बसवशील कुठं?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

म्हटलं, पण मध्ये थोडा वेळ गेला. तो सासूबाईंनी पाहिला.