बंद दाराशी उतरवलेली पाटी

अर्नाळ्याची ती कोळीण माझ्याकडे एकदाच आली, हृदयाची इको करायला.

"दम लागतो का?"

"नाय."

स्क्रीनवर तिची झडप जेमतेम फटीएवढी उघडत होती. तिचं 'नाय' मला पटेना.

"मासळी घेऊन किती चालता?"

"गावभर. दर दाराशी पाटी उतरवते."

"दर दारात गिऱ्हाईक असतं?"

ती हसली. "बंद दाराशी पन उतरवते."

झडप अरुंद झालीय, ऑपरेशन लागेल, असं मी सांगितलं. तिने अंबाडा घट्ट आवळला.

"मंग नारली पुनवेच्या आदी करा, डाक्टर. बोटी दर्यात जातील तवा मी बंदरावर पायजे."

तेव्हापासून मी कुणालाच दम लागतो का, असं विचारत नाही. कुठे कुठे थांबता, ते विचारतो.