पितळी नख्या

काल चिंचेनं समई घासताना पितळेचा वास आला आणि तुमसरचं वाद्यांचं दुकान आठवलं. तेव्हा मी कॉलेजात होते. स्टील गिटार आईनं बाबांशी भांडून घेऊन दिली होती. आता तार छेडायला बोटांत घालायच्या धातूच्या नख्या निवडायच्या होत्या. पोलादी टोचत होत्या, पितळी तारेत अडकत होत्या. माझी बोटंच या वाद्याजोगी नाहीत, असं वाटून रडू यायला लागलं.

“नखावर काहून घालून राहिली?” शेजारी बसून माझी बोटं निरखणारी आई म्हणाली. “बोटाच्या पोटाकडून घाल. तारेले तेच लागते.”

नखी फिरवली आणि तार लांब, मोकळी वाजली.

घरी परतताना सिहोऱ्याच्या बसचं तिकीटही मी त्या पितळी बोटांनीच धरलं. आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. गिटार घरात आल्यापासून, ती मला वाजेल की नाही या काळजीनं आई नीट झोपलीच नव्हती, हे मला आता कळतं.