पेडलवरचा अनवाणी पाय

त्या वर्षी देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगून टाकते. नवरात्रात असं बोलू नये म्हणतात. पण घट बसले तरी मी तिच्यापुढं हात जोडले नव्हते, आणि का जोडले नव्हते हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आम्ही पाथर्डी तालुक्यातल्या कोरड्या पट्ट्यातले. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला निघतात. लग्नानंतर कितीतरी हंगाम मीही मालकांबरोबर उसाच्या फडात काढले. मग मालकांची कंबर कायमची गेली. आम्ही जनावरं विकली आणि एक जुना पिकअप घेतला. मालकांना बसवत नव्हतं, म्हणून गाडी मी शिकले. आसपासच्या मळ्यांतली वांगी, टोमॅटो, झेंडू शेवगावच्या बाजारात पोचवू लागले. त्या गाडीनं माझ्या हातातला कोयता सोडवला होता.

आणि श्रावणापासून त्याच गाडीचं ब्रेकचं पेडल दगा देत होतं. पाय ठेवला की चिखलात रुतावा तसा खाली जायचा. भराभर दाबलं की पेडल वर यायचं, कडक व्हायचं. मिस्त्रीनं पेडलजवळचा मास्टर सिलिंडर बदलला, पायपातली हवा काढली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. मागच्या चाकांचे लायनर जुळवले, तरी तेच. शेवटी तो म्हणाला, "ताई, गाडी म्हातारी झाली. भंगारात द्या."

ही बातमी माझ्या मोठ्या दिरांपर्यंत लगेच पोचली. ते तोडकऱ्यांच्या टोळीचे मुकादम. संध्याकाळी येऊन ओट्यावर बसले. "देवीचा कौल हाय ह्यो," म्हणाले. "बाईमानसानं गाडी हाकलेली तिला पटत न्हाई. इकून टाका, आन् औंदा गप टोळीत चला."

"कौल द्यायचा असंल तर देवी मला दिल, भाऊजी," मी म्हणाले. "तुमच्या तोंडून कशापायी?"

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी गाडीला बांधायला काळी बाहुली आणि लिंबू-मिरची आणली, तीही मी परत केली. नवस बोलले नाही. मनातल्या मनात देवीला एवढंच म्हटलं, तुझ्या नावावर लोक मला घाबरवतात आणि तू गप्प बसतेस. मग मीही तुला काही मागणार नाही.

नवरात्रातच मोहट्याच्या देवीसाठी झेंडूचे क्रेट पोचवायचं काम आलं. सकाळी अंगणात पेडल दाबून पाहिलं, कडक होतं. मालकांनी ब्रेक ऑईलची बाटली सीटखाली ठेवली. मी निघाले.

मोठ्या रस्त्याला लागण्याआधी आमच्याकडचा रस्ता एका उताराला लागतो. तिथं पाय ठेवला आणि पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, काही नाही. समोर मोहट्याला अनवाणी चाललेल्या बायकांचा घोळका दिसत होता. त्या वेळी देवीचं नाव तोंडात आलं नाही, शिवी आली. खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात गाडी घातली. क्रेट हिंदकळले, फुलं रस्त्यावर सांडली. गाडी थांबली.

जरा वेळानं खाली उतरले. चाकांना दगड लावले आणि ब्रेक ऑईलची टाकी पाहिली. तेल तळाला टेकलं होतं. म्हणजे तेल कुठून तरी गळत होतं. एकेका चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवला. मागच्या डाव्या चाकापाशी धुळीत काळा ओला ओघळ लागला. चाकाला येणाऱ्या पायपाचा नट ढिला झाला होता. एवढंच! ज्याला भाऊजी देवीचा कौल म्हणत होते, तो एक ढिला नट होता. पाना लावून तो आवळला, टाकीत तेल भरलं. पण पायपात हवा शिरली होती, आणि ती एकट्यानं निघत नाही. एकानं वर पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू सोडायचा. स्क्रू उघडा असताना वरच्यानं पाय काढला, तर हवा परत आत.

हात केला तर एक जीप थांबली. आतला माणूस हसला, "गडीमानूस न्हाई का कुनी संगं?" मी म्हटलं, "न्हाई. तुमी उतरता का?" जीप निघून गेली.

मघाच्या घोळक्यातली एक म्हातारी मागं राहिली होती. सांडलेली फुलं गोळा करून क्रेटमध्ये टाकत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "माजं काय काम हाय का, बाय?"

"पाय लागंल तुमचा, आजी."

"पाय कवाबी घे. तेवढं एक चालतंय अजून."

तिला हाताला धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पेडल दाखवलं. तिनं वाकून पेडलाला हात लावला, तो कपाळाला लावला, "पाय लावायचाय, माफी असावी" असं पुटपुटली आणि मग धुळीनं माखलेला अनवाणी पाय त्यावर ठेवला.

मी गाडीखाली गेले. "दाबा आजी. सोडा. दाबा. आता धरून ठेवा!" स्क्रू सोडला, फसफसत बुडबुडे आले. स्क्रू आवळला. वरून आवाज आला, "सोडू का?" "सोडा!" पुन्हा तेच. तिचा गुडघा दुखत असणार, पण माझ्या शब्दाआधी तिनं एकदाही पाय हलवला नाही. तिथं मुरमावर पाठ टेकून पडले होते आणि डोळे भरून आले. बाकी सगळं माझ्या हातात होतं. तो एक पाय मात्र माझा नव्हता. त्याच्यावर विसंबण्यावाचून दुसरं काही करताच येत नव्हतं. मी विसंबले. शेवटी बुडबुडे थांबले, नुसतं तेल आलं. "लई कडक झालं गं," वरून म्हातारी ओरडली. "आता खाली जाईना!"

तिला शेजारी बसवून मोहट्याला गेले. फुलं उतरवली. देवीपुढं उभी राहिले तेव्हा भांडायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. हात आपोआप जुळले.

दसऱ्यानंतर टोळी गेली, मी गेले नाही. दीर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मलाही घाई नाही. ही हकिगत ऐकली की बायका डोळे मोठे करून म्हणतात, अगं, देवीच आली ती! मी त्यांना ठामपणे नाही म्हणते. ती शेवगावकडच्या एका वस्तीवरची म्हातारी आहे. तिला गुडघेदुखी आहे, चहात साखर जास्त लागते, आणि त्या बाजूला फेरी असली की मी तिच्या दारात गाडी थांबवते. देवीनं माझ्यासाठी माणूस धाडलं, एवढं मी मानते आणि त्यासाठी रोज हात जोडते. त्या माणसाचं माणूसपण मात्र मी कुणाला काढून घेऊ देणार नाही, देवीलासुद्धा.