वीस झाले की शंभर

दुसरीच्या मुलांना गणितात काय काय यावं, याची यादी आम्हा शिक्षकांना मिळाली. 'पाच-पाचच्या गटाने मोजता यावे' हे वाचताना माझ्या बोटांना नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा वास येत होता, आणि मी एकदम सौसरच्या शाळेत, दुसरीत जाऊन बसले.

बाईंनी शंभर चिंचोके मोजायला सांगितले होते. आमच्या बागेत बाबा एका वेळी पाच संत्री उचलून एक आकडा म्हणत. वीस झाले की शंभर. मीही तसंच मोजलं. "वीस! झाले शंभर!"

"काय करून राहिली वं तू?" म्हणत बाई स्वतः एकेक चिंचोका मोजत बसल्या. शंभरच भरले. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

मला मात्र त्यांची दया आली होती. एवढ्या मोठ्या झाल्या, तरी एकेकच मोजतात. यांच्या घरी संत्र्याची बाग नसंल, बिचाऱ्या.